घागऱ्याचं नाणं

वारंगा फाट्यावरलं गेमचं दुकान बंद झालं तवा आमच्या मालकांनी, लेकराच्या बापानं, तिथली मोडकी गाडीची गेम तांड्यावर आणली. कपाटाएवढी मशीन, पुढं स्टेरिंग. दोन महिने ते तिच्या वायरी जोडून राहिले आन् मी रांगतं लेकरू करंटाच्या भेवानं कडेवरच धरून राहिले. एका दुपारी पडदा उजळला, पण गाडी हालंना. तिला जुना मोठा रुपया लागायचा, नवे बारके रुपये नुसते खाली पडून राहिले.

मालक म्हणले, "मंग आतून वायर जोडतो."

"आता वायर नको," म्हणलं आन् मी पळतच घरात गेले. पेटीतून लग्नातला घागरा काढला. त्याच्या काठाला माझ्या आईनं जुने रुपये भोक पाडून शिवले होते. त्यातला एक उसवला. सासूनं पाहिलं तर? आन् भोकाचा रुपया मशीनला चालंल का?

रुपया टाकला आन् गाडी घरघरली. मी एका हातानं स्टेरिंग धरलं. वळण आलं तसं मी लेकरासकट वाकले. तेवढ्यात मागं सासू, खांद्यावर उसवलेला घागरा.

"घागऱ्याचं नाणं टाकलंस ना गं?"

"व्हय." मी स्टेरिंग सोडलं.

तिनं लेकरू आपल्याकडं घेतलं, पडद्याकडं पाहिलं. "मंग थांबलीस काहून? दोन्ही हातानं धर, झाडाला धडकशील."