बांडगुळावरचे दोन फुलटोचे

इतके सारखे दोन पक्षी आजी वेगळे कसे ओळखते, असं तुम्ही दोघांनी फोनवर विचारलं होतं. मे महिन्यात किन्हवलीला आलात की आंब्याखाली उभं करून दाखवीन, असं मी कबूल केलं होतं. आता लिहूनच सांगते.

दोघेही फुलटोचे, अंगठ्याएवढे, मळकट हिरवट-राखी. एकाची चोच बारीक, जरा वाकलेली, गुलाबीसर. तो बांडगुळाचं फळ अख्खं गिळतो. दुसऱ्याची चोच जाड, डोळा तांबूस, आणि बसल्या जागी शेपटी सारखी डावी-उजवी हलवतो. तो फळ चोचीत दाबून गर खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो. पहिला कुठेही भागवून घेतो. वाशिंदच्या नव्या इमारतींतही मी त्याला पाहिलं आहे. दुसरा मुरबाडकडे, सिद्धगडाच्या रानात असतो. आमच्या अंगणात तो फक्त त्या आंब्यावरच्या बांडगुळासाठी यायचा.

फेब्रुवारीत माझी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी, अंगण झाडताना वर बघून म्हणाली, "एवढं बांडगूळ वाढलंय, काढत का नाय ओ ताई?"

"नातवंडांना पाखरं दाखवायची आहेत."

ती हसली. "झाडाला पानी घालायचं आमी, नि आंबे खायला येनार परदेशातली. बांडगूळ काय झाडालाच लागतं काय?"

थट्टाच होती ती. मला झोंबली, कारण खोटं काही नव्हतं. तुमचे बाबा येतात तेव्हा दोन पेट्या भरून घेतात. झाड कसं आहे, हे कधी विचारत नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी कोयता चालवणारा माणूस बोलावला. खाली उभी राहून बोटाने दाखवत गेले. बांडगुळाची एकही फांदी ठेवू दिली नाही. अर्धवट काम मला खपत नाही, हे तुम्ही जाणता.

जाऊ पडवीत बसून बघत होती. "मी हसत बोलले, नि तुमी खरंच कोयता लावलात," एवढंच म्हणाली.

बारीक चोचीचा अजून कुंपणापाशी रोज येतो. जाड चोचीचा त्या दिवसापासून आला नाही.

काल तुमच्या बाबांचा फोन आला. यंदा यायला जमत नाही म्हणाले. मी "बरं" म्हटलं. दाखवायला एकच पाखरू उरलं होतं, आणि ते तर वाशिंदलाही दिसतं.