पार्सलांच्या वहीतली सही

बाई कोणताही कागद आधी उलटा धरायच्या. सरळ धरला की आपण नाव वाचतो, उलटा धरला की नुसती सही दिसते, असं त्यांचं म्हणणं. मग चष्म्यावरून समोरच्याकडे बघत त्या विचारायच्या, "कशावरून?"

नारायण पेठेतल्या आमच्या पेन्शन कचेरीत त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं हयातीच्या दाखल्यावर सही करायला येत. ती सही जुन्या सहीशी जुळते का, हे बाई बघत. एकदा एक निवृत्त हेडमास्तर भडकले.

"अहो, मी जिवंत आपल्यासमोर उभा आहे!"

"कोणीतरी उभं आहे, ते दिसतंय मला. ते आपणच, कशावरून?"

मास्तरांनी सहा वेळा सही केली. सहावी जुळली. मग बाईंनी त्यांना आपल्या डब्यातला लाडू दिला आणि म्हणाल्या, "हात थरथरतो तुमचा. डॉक्टरांना दाखवून घ्या."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. चहा चांगला झाला तर "आज काय काम काढलंय यानं?" असं शिपायाबद्दल पुटपुटायच्या. विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत दूधवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना वचकून असत. मला त्यांचा राग यायचा. पंचवीस वर्षं शेजारी बसून मीही तशीच झालेय, असं माझा नवरा म्हणतो, पण त्याच्याकडे तरी पुरावा कुठे आहे?

या संशयाचं मूळ मला फार उशिरा कळलं. एका पितृपक्षात मी त्यांच्या घरी सहज गेले होते. त्यांनी वडिलांचं, आईचं आणि आजीचं पान वाढलं होतं. मी विचारलं, "आणि आजोबांचं?"

"त्या गृहस्थांचं पान आमच्याकडे मांडत नाहीत," बाई म्हणाल्या. "ते गेले, कशावरून?"

त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत पकडले गेले आणि तिथून इटलीच्या एका छावणीत पोचले. तिथून एकच कार्ड आलं, खाली त्यांची सही. पुढे सरकारी कागद आला, त्यावर 'बेपत्ता' एवढंच. आजी मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. वडील लोणी काळभोरच्या शाळेत "तुझा बाप मडमेकडं हाय" हे ऐकत मोठे झाले, आणि बापाचा म्हाळ न घालताच गेले. जाताना लेकीला म्हणाले, "काय ते नक्की कर." बाईंना भाऊ नव्हता, लग्नही केलेलं नव्हतं. नक्की करायला त्या एकट्याच उरल्या होत्या.

त्यांच्याबरोबर मी एकदा लोणीला गेले. तिथं नात्यातले नव्वदीचे एक आबा ओट्यावर बसले होते.

"त्यो मेला न्हाय. तिकडंच संसार थाटला. समद्या गावाला ठावं हाय," ते म्हणाले.

"कशावरून, आबा?"

"मग आला का न्हाय माघारी? सांग की तू!"

बाई ओट्यावरून उतरल्या आणि चपला घालू लागल्या.

बाईंच्या निवृत्तीनंतर मीच फोनवर शोधून काढलं की त्या छावणीच्या जागी आता स्मारक आणि संग्रहालय आहे. आम्ही पुण्याहून इटलीला जाणाऱ्या एका ग्रुप टूरमध्ये नाव घातलं. बाईंची टूर मॅनेजरवर पहिल्या दिवसापासून नजर होती. "फार हसतो हा," म्हणायच्या. बाकीची मंडळी खरेदीला गेली त्या दिवशी आम्ही टॅक्सी केली.

कुंपणाची थोडी तार आणि एक लांबट बराक, एवढीच छावणी उरली होती. बाईंनी भिंतीवर नख ओढून पाहिलं. "हा रंग परवाचा आहे." काचेमागचे बूट पाहून म्हणाल्या, "सगळे एकाच मापाचे कसे?" संग्रहालय सांभाळणारे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, अतिशय मृदू. ते इटालियनमध्ये बोलायचे आणि त्यांचा फोन ते हिंदीत सांगायचा. बाई माझ्या कानाशी लागल्या, "ह्यांच्याच लोकांनी डांबलं, आणि आता इतकं गोड बोलतात. का?"

आजोबांचं नाव सांगितल्यावर गृहस्थांनी एक कार्ड काढलं. त्यावर लिहिलं होतं: बहुधा पळून गेला. पहारेकरी छावणी सोडून गेले तेव्हा बरेच कैदी डोंगरात शिरले, गावकऱ्यांनी त्यांना घरात लपवलं, काहींनी इथंच लग्नं केली, असं ते अभिमानाने सांगू लागले. आम्हाला बरं वाटावं म्हणूनच सांगत होते बिचारे. बाईंचा चेहरा उतरला. लोणीचे आबा खरे ठरत होते.

"कशावरून?" बाईंनी विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता.

गृहस्थांनी कैद्यांना मिळणाऱ्या मदतीच्या पार्सलांची वही आणली. प्रत्येक नावापुढे महिन्यामहिन्याची सही. वहीला हात लावू देत नव्हते, म्हणून बाई टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या आणि तिथून उलट्या बाजूने पाहू लागल्या. एका हातात आजोबांचं घरी आलेलं कार्ड होतं.

"ह्या चार त्यांच्या," त्या म्हणाल्या. "पाचवी नाही. सहावी नाही."

मी वैतागले. "बाई, आतातरी सोडा! नाव त्यांचं, रकाना त्यांचा."

"अगं, खालच्या ओळीतल्या माणसाचा हात बघ. दोन्ही सह्या त्याने केल्यात. हे स्वतः यायच्या अवस्थेत नव्हते. तो यांचं पार्सल नेऊन देत होता."

सातव्या रकान्यात नुसतं एक अक्षर आणि एक टिंब होतं. गृहस्थांचा फोन म्हणाला, "ही त्याची छोटी सही आहे." इतकी वर्षं त्यांचा तसाच समज होता. मी पुढे वाकून वाचलं. तिथं लिहिलं होतं, 'कै.'

तुम्हाला आणि मला ते सांगावं लागत नाही. त्या गृहस्थांना बाईंनी सांगितलं, अगदी सावकाश, फोनला कळेल असं. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाआधी हे लिहितात.

"आणि पहारेकरी कधी गेले म्हणालात?" त्यांनी विचारलं.

'कै.' लिहिलं त्या महिन्यापासून त्याला अजून पाच महिने होते.

बाई खुर्चीत बसल्या. "आणखी एक सही ठोकून यांचं पार्सल घेता आलं असतं त्या माणसाला," त्या म्हणाल्या. "उपाशी असणारच. पण नाही घेतलं." मग त्या रडू लागल्या. मला काय करावं ते कळेना, मी त्यांची पर्स धरून उभी राहिले. गृहस्थांनी संग्रहालयाचं ते जुनं कार्ड बाजूला ठेवलं आणि कोऱ्या कार्डावर बाईंकडून ते एक अक्षर, टिंबासकट, लिहून घेतलं.

त्या वर्षी सर्वपित्रीला बाईंनी आजोबांचं पान वाढलं. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. "हे बाबांच्या हातून व्हायला हवं होतं गं," एवढंच म्हणाल्या.

नंतरची दोन वर्षं त्या खालच्या ओळीतल्या माणसाचा शोध घेत होत्या. नाव वहीत होतं, गाव नव्हतं. त्या आडनावाच्या दिसेल त्या घराला पत्र लिहायच्या. उत्तरं आली, पण एकही त्यांच्या कसोटीला उतरलं नाही. त्यानंतरच्या माघात बाई गेल्या.

आता सर्वपित्रीला मी माझ्या घरी बाईंचं पान मांडते आणि शेजारी त्यांच्या आजोबांचं. तिसरं, त्या खालच्या ओळीतल्या माणसाचं, मांडावं असं फार वाटतं. पण तो घरी पोचून म्हातारा झाला, की तिथंच संपला, हे बाईंना कळलं नाही, मलाही नाही. खात्री नसताना मांडलेलं पान त्यांनी चालवून घेतलं नसतं, म्हणून तिथली जागा तेवढी पुसून घेते आणि तशीच मोकळी ठेवते.