पाय दाखवायला गेलो

त्या दिवशी लोणावळ्यात धुकं असं दाट होतं, की बैलाला स्वतःची शिंगं दिसत नसतील. वर बोचरं गार वारं. अशा हवेत शहाणा माणूस चुलीपुढून उठत नाही. मी उठलो. आणि उठून काय दिवे लावले, ते ऐकाच!

मोठ्या लढाईत, बसऱ्याकडं, माझ्या गुडघ्यात तोफगोळ्याचा तुकडा शिरला. पाय टेकला की कळ थेट टाळूला. पेन्शन मागितली, तर सरकारनं कळवलं, पाय जागेवर आहे, सबब नामंजूर. खोटं कसं म्हणू? भाताच्या खाचरात रुतला की तो जागेवरच राहायचा, उपटायला दोन माणसं लागायची! लावणीला कारभारीण एकटीच चिखलात वाकायची. पेन्शन आली असती तर तिच्या जोडीला एक गडी ठेवता आला असता. म्हणून अपील केलं, आणि मोठ्या डाक्टरसायबानं तपासणीला बोलावलं.

शेजारी इस्माईलभाईनं बैलगाडीतून नेलं. बंगला टेकाडावर. गाडी खाली सोडली. एका हातात काठी, दुसरा त्याच्या खांद्यावर, असा कसाबसा वर चढलो.

"धोंडूभाऊ, सायबापुढं चांगलं लंगडून दाखवा बरं का! लाजू नका."

"लंगडायला शिकवता व्हय मला? तेवढंच तर येतंय!"

तेवढ्यात दार उघडलं आणि सायब मला न्यायला बाहेर आला. काठी टेकत. लंगडत! तोही लढाईतूनच आलेला असावा बिचारा.

आता तुम्हीच सांगा, लंगड्या माणसाच्या मागं लंगडत जायचं कसं? त्याला वाटणार, गडी वेडावतोय! लहानपणी याच खोडीपायी आईनं मला झोडपलं होतं. मी गुपचूप काठी इस्माईलभाईच्या हातात दिली, दात आवळले आणि नवरदेवासारखा ताठ आत गेलो.

"चलके दिखाओ," सायब म्हणाला.

चाललो. डोळ्यांपुढं काजवे, तोंडावर हसू.

"दर्द है?"

ज्याचा स्वतःचाच पाय दुखतोय, त्याच्यापुढं आपलं रडगाणं गावं? माणुसकी आहे की नाही!

"न्हाई सायब. आपल्या कृपेनं बरं हाय."

"एक बार और!"

मी आणखी ताठ चाललो. वळताना टाच आपटून सलामसुद्धा ठोकला!

सायब काय खूष झाला! स्वतःच्या गुडघ्याकडं बघून उसासा टाकला, "शाबास, जवान!" म्हणाला आणि अपील फेटाळलं.

बाहेर येऊन पायरीवर जो बसलो, तो उठेचना. शेवटी इस्माईलभाईनं मला पाठुंगळी घेतलं. टेकाड उतरता उतरता मी त्याला सगळी हकीकत सांगितली. "आता कारभारणीला काय सांगू हो? सायबाचं मन राखलं, तवा यंदा बी तूच वाक?"

इस्माईलभाई मधेच थांबला. धाप लागली होती, तरी मान वळवून म्हणाला,

"भाऊ, सायबाला वाईट वाटू नये म्हणून ताठ चाललात न्हवं? मग मला बी आता लय वाईट वाटतंय. उतरा आन् चाला!"