रॅमले लावलेलं हयद-कुकू

नात खोडरबर घासते अन् त्या वासानं माहं डोकं अजूनही भडकते. लय वर्षांआधी जुन्या कम्प्युटरात मी नवी रॅम टाकली, तवापासून तो घडीघडी बंद पडे. पोरीच्या कॉलेजचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस, अन् भरता भरताच कम्प्युटर बंद पडला. पोरीले अन् मशीनले घेऊन मी, जिथून रॅम घेतली होती त्या अमरावतीच्या दुकानात गेलो, चार लोकांसमोर दुकानदाराले चोर म्हनलो.

त्यानं रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं. लाल-पिवळा चुरा पडला.

“काका, याले हयद-कुकू कोनं लावलं?”

“बायकोनं,” मी म्हनलो.

लावलं होतं मीच, नव्या वस्तूची पूजा म्हनून. कम्प्युटर चालला, पन फॉर्मची वेळ टळली होती. वर्ष वाया गेलं म्हनून पोरगी अजूनही आईलेच बोलते, अन् मी मुकाट्यानं जेवत राह्यतो. माहाच राग येते मले.