हाडांचं दुसरं पाणी

थोरलीला घरात नावाने कुणी हाक मारत नाही. लग्न होऊन आली तेव्हा मागून धाकटी येईल, या भरवशावर तिला थोरली म्हणायला लागले. दिराने लग्नच केलं नाही. धाकटी आली नाही ती नाहीच, आणि दोघींच्या वाटणीचं काम मात्र एकीच्या पदरात पडलं.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि घरी येऊन पुन्हा वाफेपुढेच. कुणी विचारलं, "दमलीस का गं?" तर म्हणते, "दमायला बसावं लागतं." तक्रार म्हणून नाही. तक्रारीलाही अंगात त्राण लागतं.

सासूबाई छातीच्या दुखण्यातून उठल्या, पण अन्नावरून त्यांचं मन उडालं ते उडालंच. घास पुढे केला की तोंड भिंतीकडे. रागावणं नाही, बोलणं नाही. अंगावरचा झगा हँगरला अडकवल्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "सोमवारी पुन्हा वजन करू. आणखी उतरलं असेल तर नाकातून नळी घालावी लागेल."

नळी लावलेली माणसं थोरलीने पाहिली होती. मळक्या चादरी गोळा करायला वॉर्डात जावं लागे. त्यातल्या काहींचे हात पलंगाच्या दांड्यांना मऊ पट्ट्यांनी बांधलेले असत, कारण भ्रमात ती नळी उपसून काढत. सासूबाईंचे हात असे बांधलेले तिच्या डोळ्यांपुढे आले, की ती इस्त्री जरा जोरात फिरवी. घरी हे कुणाला सांगितलं नव्हतं. देवापुढे तेवढं बोलली होती.

सासूबाईंच्या घशाखाली एकच गोष्ट उतरत होती: कुस्करलेला बटाटा आणि त्यावर कोंबडीच्या हाडांच्या स्टॉकची, म्हणजे हाडं उकळून काढलेल्या पाण्याची, दाट ग्रेव्ही. पाकिटातली पूड कालवून दिली, तर त्यांनी चमचा ओठांनीच परतवला. तेव्हापासून खाटकाकडून पाठी, माना आणि पाय आणायचे, कांदा, गाजर, मिरीदाणे घालून विजेच्या कुकरमध्ये लावायचे. कुकर नणंदेने दिलेला. सासूबाईंचं त्याच्याशी पहिल्यापासून वाकडं. "शिट्टी नाही, काही नाही. मुका मेला! आत जिवंत आहे की गेला, कळायचं कसं?" हे दुखण्याआधीचं. आताशा त्या कुकरलाही काही म्हणत नव्हत्या.

रविवारी कामावरून आल्या आल्या थोरलीने हाडं लावली. त्याआधी त्याच भांड्यात बटाटे उकडून, चाळणीवर निथळून घेतले. हा रोजचाच क्रम. कुकर बंद झाल्यावर ती स्टुलावर बसली. घाईने वाफ सोडली की आतलं सगळं ढवळतं आणि स्टॉक गढूळ होतो, म्हणून झाकणावरची पिन आपणहून खाली बसेपर्यंत थांबायचं. तिने नामस्मरण सुरू केलं, पण नामापेक्षा डुलकीच लवकर आली.

पिन टक्‌कन बसली. थोरली उठली, झाकण काढलं, सिंकमध्ये चाळणी ठेवली आणि हातांना जे ठाऊक होतं ते हातांनी केलं. भांडं उपडं केलं.

सोनेरी पाणी गुळगुळ करत मोरीत गेलं. चाळणीत हाडं राहिली, वाफाळती, नीट निथळलेली.

नवरा पहारेकरी, रात्रपाळीला निघायला अजून अवकाश होता. तो शर्टाची बटणं लावत आला. "काय गं?"

"काही नाही. स्टॉक ओतून दिला आणि हाडं गाळून ठेवली."

त्याला हसू फुटलं. मग तिचा चेहरा दिसला आणि त्याने ते गिळलं. "दुसरी आणतो ना."

"खाटीक रविवारी दुपारीच बंद करतो."

"मग पाकीट?"

"तुमच्या आईंना पाकीट चालतं का?"

आतून आवाज आला. "काय सांडलं गं?"

"काही नाही, आई."

"काही नाही सांडल्याचा एवढा आवाज होतो होय?"

थोरली पदराला हात पुसत आत गेली आणि झालं ते सांगून टाकलं. खोटं रचायलाही डोकं जाग्यावर लागतं. सासूबाईंनी तिच्याकडे मान वळवली.

"हाडं टाकलीस?"

"चाळणीत आहेत."

"मग रडतेस कशाला? एका उकळीत सगळं सोडायला ती काय तुझ्यासारखी भोळी आहेत? ठेचून पुन्हा लाव. पाणी बेताचं घाल."

नवऱ्याने बत्त्याने हाडं ठेचली. कुकर पुन्हा लागला. या खेपेला चाळणीखाली पातेलं ठेवताना थोरलीने दोनदा वाकून पाहिलं. पाणी फिकं निघालं. झाकण न लावता तिने ते आटवलं, लोण्यावर मैदा जरा जास्तच खरपूस भाजला, म्हणजे रंगाने तरी अब्रू राखावी, आणि थोडं थोडं पाणी घालत ग्रेव्ही घोटली.

पहिला चमचा गेला. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पाणचट झालंय."

"हो."

"आणि मीठ? तेही मोरीत घातलंस?"

नवी नवरी असताना याच तोंडच्या अशाच वाक्यांनी थोरली न्हाणीघरात जाऊन रडली होती. आज ती मिठाच्या डब्याकडे जवळजवळ धावतच गेली. इतक्या दिवसांत सासूबाईंनी कशालाच नावं ठेवली नव्हती. मीठ घातलं, तर म्हणाल्या बटाट्यात गुठळ्या आहेत. गुठळ्या मोडल्या, तर म्हणाल्या गार झालं. नावं ठेवत ठेवत वाटी रिकामी झाली.

"उद्या नीट कर. झोपेत स्वयंपाक करू नये."

"उद्या दवाखान्यात जायचंय, आई," नवरा म्हणाला.

"मग? दवाखान्यातून आल्यावर काय उपास करू?"

सोमवारी काट्यावर वजन वाढलं नव्हतं. पण उतरलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "नळीचं तूर्त थांबवू. आठवडाभर असंच खायला घाला."

आठवडाभर, म्हणजे रोज हाडं, रोज बटाटे. परतताना थोरलीने खाटकाच्या दुकानापाशी टॅक्सी थांबवली. रांग लांब होती. देवाला मनोमन हात जोडून ती भिंतीला टेकून उभी राहिली. टॅक्सीच्या खिडकीतून सासूबाई ओरडल्या, "नुसत्या माना नको गं घेऊस!"