खिडकीआतल्या दोघी

डोरीन उठून गेली. स्क्रीनवर तिची रिकामी खुर्ची राहिली, मागे भिंतीवर घड्याळ आणि आतून कुठून तरी किटली ठेवल्याचा आवाज. मी उइटहॉर्नमधून, माझा बॉस रुबेन युट्रेख्टमधून आणि आमची क्लायंट हेलन टोरांटोमधून, असे तिघं त्या खुर्चीकडे बघत बसलो.

"येईल ना ती परत?" मी विचारलं.

"चहा ठेवायला गेली असेल," हेलन म्हणाली. पण तिचा आवाज खाली आला होता.

डोरीन परत आली. बसली नाही. उभ्यानेच कॅमेऱ्यापाशी वाकून म्हणाली, "माझं नाव काढून टाका. ते काय द्यायचंय ते पोस्टाने पाठवा. मी आयुष्यभर तिकिटं विकली. त्यात बोलण्यासारखं काय आहे?" आणि कॉल बंद झाला.

कार्यक्रमाला पाच दिवस होते.

दोन हजार वीसचा उन्हाळा होता. मी शो कॉलर आहे. म्हणजे कार्यक्रम चालू असताना आता कोण दिसणार, कोणाचा माइक उघडायचा, पुढची फिल्म कधी सुरू करायची, हे मिनिटामिनिटाला बाकीच्या टीमला सांगायचं. त्याआधी मी हे काम मोठमोठ्या हॉलमध्ये करायचे, काळे कपडे घालून, मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसून. लॉकडाऊन लागला आणि सगळे कार्यक्रम आमच्या डायनिंग टेबलावर आले.

हेलनची संस्था कॅनडातली. सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांनीच चालवलेली धर्मादाय संस्था. धंदा म्हणजे नटनट्या नव्हेत. थिएटरमधले मॅनेजर, मशीन चालवणारे, तिकिटं विकणारे, साफसफाई करणारे, गावोगावी फिल्मचे डबे पोचवणारे. त्यांच्यातलं कोणी आजारी पडलं, अडचणीत आलं, तर ही संस्था मदत करते. आणि वर्षातून एकदा ज्यांनी या कामात आयुष्य घालवलं, अशा काही जणांचा सन्मान करते. एरवी टोरांटोत मोठं डिनर असायचं. त्या वर्षी थिएटरंच बंद होती. म्हणून ऑनलाइन.

सन्मान चौघांचा होता. तिघांचं बोलणं नीट झालं होतं. चौथी डोरीन. मॅनिटोबा प्रांतातल्या एका लहान गावात एकाच थिएटरच्या तिकीट खिडकीवर सत्तेचाळीस वर्षं. मार्चमध्ये थिएटर बंद झालं आणि मालकाने सगळ्यांना घरी बसवलं. पुन्हा उघडेल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. म्हणजे तिचा निरोपसमारंभ झाला तर हाच होणार होता.

आमच्याकडे अशा वेळी करायचे काही ठरलेले उपाय असतात. सेल्फ व्ह्यू बंद करायचा, म्हणजे माणसाला स्वतःचा चेहरा दिसत नाही आणि जरा मोकळं वाटतं. प्रॉम्प्टर लावायचा, म्हणजे वाक्यं समोर सरकतात आणि ती वाचायची. हे सगळं करून झालं होतं. डोरीन कॅमेऱ्यासमोर आली की दगड व्हायची.

"स्टिल फोटो लाव आणि हेलनचा व्हॉइसओव्हर," रुबेन म्हणाला. "दोन मिनिटं. संपला विषय."

"फोटो नाही," हेलन म्हणाली.

"सत्तेचाळीस वर्षांत एकही नाही?"

"थिएटरचे फोटो खूप आहेत. रांगेचे आहेत. ती काचेच्या आत. प्रत्येक फोटोत काचेवर उजेड पडलाय."

  माझ्यामागे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई लसूण सोलत होती. तिने तोंड उघडलं.

आईबद्दल सांगायला हवं. ती फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मिरजेहून आली आणि विमानं बंद झाली. व्हिसा वाढवून घेतला, बीपीच्या गोळ्या संपल्या तेव्हा हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, लिहून दिल्या. रोज सकाळी ती स्वेटरवर शाल घेऊन आम्स्टेल नदीच्या काठाने चालून यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डचमध्ये "मॉर्खन", म्हणजे सुप्रभात, म्हणायची. मी एवढी वर्षं ऑफिसात नक्की काय करते हे तिला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळलं. "म्हणजे तू लोकांना स्टेजवर ढकलतेस," असं तिने माझं काम एका वाक्यात सांगितलं होतं.

आणि ती स्वतः मिरजेतल्या एका टॉकीजमध्ये सव्वीस वर्षं तिकिटं फाडत होती. बायकांच्या खिडकीवर. तेव्हा बायकांची रांग वेगळी असायची. शाळा सुटली की मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून अभ्यास करायचे. खिडकी कसली, जाळी आणि जाळीखाली हात जाईल एवढं भोक. बाहेरची बाई दिसायचीच नाही, फक्त हात यायचा. पिठाचा हात, मेंदीचा हात, बांगड्या अडकून फसलेला हात. आई हातावरून माणूस ओळखायची. "या बाई, पाय बरा आहे का आता?" असं भोकाला विचारायची आणि बाहेरून उत्तर यायचं. समोर खुर्च्यांचा प्लॅन असायचा, त्यावर निळ्या पेन्सिलीने काट मारत जायची. त्या खोलीचा वास, घामाचा, कागदाचा आणि शेजारच्या बटाटेवड्यांचा, मला आजही कुठेही बसून आठवतो.

तर आई लसूण बाजूला ठेवून म्हणाली, "काय म्हणतेय ती बाई?"

मी सांगितलं. बोलायला तयार नाही, घाबरते.

"घाबरत नाहीये. तिला कोणी काही विचारलंच नाहीये. खिडकीवर बसणारं माणूस आपणहून बोलत नाही गं. समोरचा मागतो, मग आपण बोलतो. तिला 'बोला, बोला' काय करताय? तिकीट मागा."

मी ते हसत हसत इंग्रजीत सांगितलं. रुबेन हसला. हेलन हसली नाही. "सोमवारी पुन्हा पंधरा मिनिटं मागते तिच्याकडे," ती म्हणाली. "शेवटचं."

सोमवारी डोरीन आली ती हेलनच्या शब्दाखातर. पांढरे केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. हेलनने चौकशी केली. उत्तरं हो आणि नाही. माझ्या मनात हेलनने तिकीट मागावं असं होतं, पण ती कशी सुरुवात करावी या विचारात अडखळली. तेवढ्यात आई माझ्या खांद्यावरून पुढे वाकली. सुती साडी, वरून माझं कार्डिगन. आणि तिच्या मिरजेच्या इंग्रजीत म्हणाली, "टू लेडीज. बाल्कनी."

डोरीनने क्षणाचाही विचार केला नाही. "बाल्कनी बंद आहे हो, छप्पर गळायला लागल्यापासून. खाली मधल्या रांगेत देते, चालेल?"

"कोपऱ्यातल्या नकोत."

"छे, कोपऱ्यातल्या मी ओळखीच्या माणसाला देत नाही."

मग तिला कळलं आपण काय बोललो ते. ती हसायला लागली. माझी आई हसायला लागली. मी मध्ये बसून भाषांतर करत होते, पण अर्ध्या गोष्टींना त्याची गरज पडत नव्हती. फाटक्या नोटा, फुकट पास मागणारे ओळखीचे लोक, हाऊसफुल्लचा बोर्ड लावल्यावर शिव्या कोणाला बसतात, सगळं दोघींचं सारखंच होतं. पंधरा मिनिटांची पन्नास झाली.

शेवटी डोरीन म्हणाली, "उद्या या बाई विचारणार असतील तर मी येते."

कॉल संपल्यावर रुबेनने मला वेगळा फोन केला. "तुझी आई क्लायंटच्या लिस्टवर नाही."

"हेलन घालतेय तिला लिस्टवर."

"लाइव्हमध्ये न ठरलेलं संभाषण? तूच मला शिकवतेस की रिहर्सल न केलेलं काही ऑन एअर जाऊ द्यायचं नाही."

"रिहर्सल झाली की आत्ता."

"चार मिनिटं. त्यापुढे एक सेकंद नाही," तो म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी एक बाई कॅनडातून सगळं बोलणं टाइप करून खाली दाखवणार होती, म्हणजे लाइव्ह कॅप्शन. तिचं बुकिंग बरोबर तासाभराचं. आणि डोरीननंतर एका स्पॉन्सरची फिल्म होती, पॉपकॉर्नची मशिनं बनवणाऱ्या कंपनीची.

मंगळवारी आमच्याकडे संध्याकाळचे सात, डोरीनकडे दुपारचे बारा. बाहेर लख्ख ऊन. आईने इस्त्रीची साडी नेसली आणि कार्डिगन घालायला साफ नकार दिला. मी तिला वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसवलं आणि खाली येऊन हेडसेट चढवला. पहिले तिघं वेळेत झाले. तिघांनीही घरच्यांचे, सहकाऱ्यांचे आभार मानले. छान झालं, आणि आज मला त्यातलं एकही वाक्य आठवत नाही.

मग मी म्हटलं, "डोरीन, गो. आई, गो." माझ्या आयुष्यात आईला क्यू, म्हणजे सुरू करायचा इशारा, देण्याचा तो एकच प्रसंग.

आईने दोन तिकिटं मागितली. डोरीनने मधल्या रांगेतली दिली. मी तळघरातून बोलल्यासारखी अदृश्य राहून दोघींचं बोलणं इकडून तिकडे करत होते. डोरीनने एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. त्या बाईला ऐकू येत नसे. म्हणून डोरीन शुक्रवारचा पहिला खेळ मागे उभी राहून बघायची आणि कोण कोणाला काय म्हणालं ते कागदावर लिहून काढायची. शनिवारी तिकिटाबरोबर तो कागद द्यायची. अशी कितीतरी वर्षं.

चार मिनिटं झाली. "रॅप," रुबेन माझ्या कानात म्हणाला. रॅप म्हणजे आवरा.

तेवढ्यात डोरीनने आईला विचारलं, "तुम्हाला दिलं का असं काही, काम संपलं तेव्हा?"

आईने मला भाषांतर करू दिलं नाही. स्वतःच म्हणाली, "नो. मंडे आय वेंट. लॉक."

मला हे माहीत होतं. टॉकीज बंद झाली तेव्हा मी बारावीत होते. पण तिने ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी ती डबा तसाच घेऊन परत आली आणि दुपारी आम्ही तो घरी बसून खाल्ला, एवढंच.  हेडसेटमध्ये रुबेन पुन्हा "रॅप" म्हणाला.

 डोरीनने पहिल्यांदाच सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं. "हे असं व्हायला नको होतं," ती म्हणाली. "आणि आमच्याकडेही तेच चाललंय. मला तुम्ही बोलावलंत, मी आभारी आहे. पण रूथ आहे, तीस वर्षं झाडून काढते. तिला मार्चपासून कोणी फोन केला नाही." मग तिने एकेक करत सात जणांची नावं घेतली. कोण काय काम करायचं, कोणाला काय दुखणं आहे, कोण एकटं राहतं. "फोन करा त्यांना. त्यासाठीच आहात ना तुम्ही?"

"स्पॉन्सर फिल्म, स्टँड बाय," रुबेन म्हणाला.

"नाही," मी म्हटलं. "फिल्म वगळतेय मी."

"तुला तो अधिकार नाही."

"माहीत आहे." आणि मी डोरीनला ऑन एअर ठेवलं.

कॅप्शनवाल्या बाईची वेळ संपली तेव्हा दोन नावं उरली होती. खालची अक्षरं थांबली नाहीत. सातही नावं, नीट स्पेलिंगसकट, खाली उमटली. मी तिला नंतर मेल करून आभार मानले. तिने एका ओळीचं उत्तर पाठवलं, मध्येच कसं उठणार होते मी?

स्पॉन्सरची तक्रार आली. रुबेनने मला लेखी समज दिली आणि त्याच मेलच्या खाली आईला नमस्कार कळवला. हेलनच्या ऑफिसने दुसऱ्या दिवशी सातही जणांना फोन केले. त्यातल्या तिघांना मदतीची खरोखर गरज होती आणि संस्था आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. डोरीनचं थिएटर वर्षभराने उघडलं. ती पहिला आठवडा जाऊन बसली आणि मग आपणहून थांबली. आई हिवाळ्याच्या तोंडावर मिरजेला परतली. पुढे हॉल उघडले, हेलनचं डिनर परत टोरांटोत होऊ लागलं आणि आमची गरज उरली नाही. तेही ठीकच. त्या टेबलावरच्या संध्याकाळी मला मात्र अजून हव्याशा वाटतात, हे कबूल करते.

कामापुरतं शिकायचं ते शिकले. पाहुण्यांना कार्यक्रमाआधी आम्ही एक फॉर्म पाठवतो, नावाचा उच्चार, इंटरनेटचा स्पीड वगैरे. त्यात आता एक प्रश्न जास्त आहे. कामावर असताना लोक तुम्हाला रोज काय विचारायचे? बहुतेक जण तो रिकामा सोडतात. मग मी फोन करून विचारते.