सॅम्युएल भाऊंची बंद केलेली प्रार्थना

सॅम्युएल भाऊ आज सकाळी गेले, आणि ज्यांनी त्यांचं तोंड बंद केलं होतं तेच दुपारपासून त्यांच्या फोटोला हार घालत सुटलेत.

चर्चच्या ग्रुपवर "शांतिदूत" वगैरे चाललंय. हात जोडलेले इमोजी. पांढरी कबुतरं.

लाज विकून खाल्लीय आपण सगळ्यांनी. माझ्यासकट.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. भाऊ आमच्या भद्रावतीच्या कॉलनीतले. आयुष्यभर त्यांनी तोफगोळ्यांत दारू भरली. मी त्याच कारखान्यात स्टोअरला आहे, आणि चर्च कमिटीचा सेक्रेटरी.

भाऊंचा एकुलता एक मुलगा, प्रकाश, गडचिरोलीत भाड्याची जीप चालवायचा. भूसुरुंगाच्या स्फोटात गेला. घरी आणलं ते बांधूनच आणलं. उघडू दिलं नाही.

आमच्याकडे रविवारी मध्यस्थीची प्रार्थना असते. ज्याला वाटेल तो उठतो आणि कुणासाठी तरी मागतो. दफनानंतरच्या पहिल्याच रविवारी भाऊ उठले.

"प्रभू, ज्यानं सुरुंग पेरला त्याच्या मायले सांभाळ. आन् मी भरलेले गोळे जिथी पडले, तिथल्या लेकरायच्या मायलेही सांभाळ."

मग दर रविवारी हेच.

पहिलं वाक्य लोकांना फार आवडलं. शत्रूंवर प्रीती करा, हे प्रभूचं वचन आमच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेलंच आहे. पाहुणे आले की आम्ही भाऊंकडे बोट दाखवायचो. पाहा, आमच्याकडे असा माणूस आहे.

दुसऱ्या वाक्याला मात्र बाकांवर चुळबुळ व्हायची.

नक्षल्यांचा सुरुंग आणि आपला गोळा एका दमात? आपला गोळा म्हणजे देशसेवा. शिवाय क्वार्टर आणि पेन्शन.

मी एकदा त्यांना समजावायला गेलो होतो. म्हटलं, भाऊ, पहिलंच म्हणत जा ना, तेवढं पुरे आहे.

"ज्यानं पोरगं मारलं त्याले माफ करनं जमलं मले," ते म्हणाले. "माह्या हातानं जे झालं, त्याचं काय करू?"

मी चहा पिऊन आलो.

मग कारखान्यात एक्स्पोर्टचे दिवस आले, गोळे परदेशी जाऊ लागले. पूर्वी निदान शत्रू कोण ते ठाऊक असायचं. आता फक्त गिऱ्हाईक असतं. पेटीवर बंदराचं नाव, पुढचं देव जाणे.

आमची यूथ विंग बायबल स्टडीच्या आधी डिफेन्सचे शेअर बघायला लागली. तिकडे युद्ध चिघळलं की इकडे चेहरे खुलायचे. दूरचं कुठलं तरी शहर टीव्हीवर जळत असायचं आणि आमचा एक शहाणा चर्चमध्ये उठून ओव्हरटाइम मिळाल्याबद्दल देवकृपेची साक्ष द्यायचा. प्रभूनं दार उघडलं म्हणे.

त्या वर्षीच्या कापणीच्या सणाला तर कहर झाला.

या सणाला पिकातला पहिला वाटा वेदीपुढे ठेवतात. चामोर्शीकडे शेती असलेली मंडळी धानाच्या लोंब्या आणतात, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. आम्हा कॉलनीवाल्यांना शेत नाही. आम्ही दुकानातून आणलेला तांदूळ ठेवतो आणि शेतकऱ्यासारखा चेहरा करतो.

कमिटीच्या अध्यक्षसाहेबांनी मात्र तोफगोळ्याची रिकामी पितळी नळी आणली. रिटायरमेंटला भेट मिळालेली, पॉलिश मारून चकचकीत केलेली. तिच्यात झेंडूची फुलं. थेट वेदीवर ठेवली आणि म्हणाले, आमचं पीक हेच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

भाऊ उठले. फुलं काढून वेदीवर नीट मांडली. नळी उचलून बाहेर चपलांच्या रांगेत ठेवली. मग आत येऊन विचारलं, अगदी हळू आवाजात.

"हे पीक जिथी पडलं, तिथली मानसं कोनाले धन्यवाद देत असतीन?"

पुढच्या आठवड्यात कमिटीनं ठराव करून भाऊंना पत्र दिलं. सार्वजनिक उपासनेत वैयक्तिक व राजकीय मते मांडून मंडळीची शांती भंग केल्याने आपणास जाहीर प्रार्थना करण्यास मनाई करण्यात येत आहे.

हे वाक्य माझं आहे. माझं मराठी चांगलं ना, म्हणून मलाच लिहायला सांगितलं.

देवाशी बोलायला मनाई, तीही लेटरहेडवर. असला दिव्य प्रकार आमच्याशिवाय कुणाला सुचणार.

भाऊंनी भांडण केलं नाही. दर रविवारी यायचे. मध्यस्थीची वेळ झाली की शेवटच्या बाकाशी उभे राहायचे, ओठ मिटून. तेवढाच वेळ. मग बसायचे. दोन वर्षं हे चाललं आणि आम्ही कुणी मागे वळून पाहिलं नाही.

आज सकाळी चंद्रपूरच्या दवाखान्यात मी आणि अध्यक्षसाहेब गेलो. डॉक्टरांनी आशा सोडली होती. भाऊंनी खुणेनं मला प्रार्थना करायला सांगितलं.

मी केली. आरोग्य दे, शांती दे, तुझी इच्छा पूर्ण होवो. कार्डावर छापतात तसली.

भाऊंनी विचारलं.

"आन् बाकीचे?"

अध्यक्षसाहेबांनी मोबाइल काढला. मी सलाईनची नळी सरळ करायला लागलो, ती सरळच होती.

मग भाऊंनी स्वतःच म्हटलं. थांबत थांबत, दम खात. दोन्ही वाक्यं.

आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्यात एकानं मागितलं की दुसऱ्यानं आमेन म्हणायचं असतं. लहान पोरांनाही हे ठाऊक आहे.

मी अध्यक्षसाहेबांकडे पाहिलं. आणि गप्प राहिलो.

अर्ध्या तासात भाऊ गेले.

उद्या चार वाजता माती. प्रार्थना मीच करायची असं कमिटीनं ठरवलंय, कारण मी "मर्यादेत" बोलतो. उद्या मी ती दोन्ही वाक्यं म्हणणार आहे. आज इथे चारचौघांत लिहून ठेवतोय, कारण मी स्वतःला चांगला ओळखतो. काढायचं तर मला कमिटीतून काढा. पत्राचा नमुना माझ्याकडे तयारच आहे.

सकाळी म्हणायचं राहिलं ते आता म्हणतो.

आमेन, भाऊ.

जा आता प्रकाशकडे.